'जागेवर!' म्हणजे शिक्षा नव्हे

काल रात्री हपिसातली मंडळी घरी जेवायला होती. सहा जण. बेल वाजली तशी आमची खारी उठली, हॉलच्या कोपऱ्यातल्या आपल्या गादीवर गेली, स्वतःभोवती दीड गिरकी घेतली आणि बसली. दार उघडलं, चपलांचा ढीग झाला, हाय-हॅलो झालं, मागोमाग पिझ्झावालाही येऊन गेला. बाईसाहेब जागच्या हलल्या नाहीत. शेपटी तेवढी फरशीवर फटफट वाजत होती.

(खारी म्हणजे आमची कुत्री. रंग बेकरीतल्या खारीसारखा, आणि कानाचा एक तुकडा कुणीतरी चहात बुडवून खाल्ल्यासारखा गायब. सोसायटीच्या पार्किंगमधून घरात आली. जात विचारणाऱ्यांना आम्ही 'कोथरूड टेरिअर' सांगतो. बरेच जण मान डोलावतात. :-))

तर सगळे चाट पडले. "कुठला ट्रेनर लावलास?" हा पहिला प्रश्न. आणि मी उत्तर द्यायच्या आत आमच्याच टीममधला एक जण म्हणाला, "ट्रेनर कशाला? वर्तमानपत्राची गुंडाळी करायची. दोन फटके. तिसऱ्या दिवशी कुत्रं जागेवर. कुत्र्याला कळलं पाहिजे बॉस कोण आहे ते."

सगळे हसले. मीही हसले. यजमान होते ना! पिझ्झ्याचे तुकडे वाढले, कोक ओतला, विषय बदलला. मंडळी गेल्यावर मात्र बराच वेळ झोप येईना. तेव्हा पाहुण्यांसमोर जे बोलायची हिंमत झाली नाही ते आज वीकांताच्या मुहूर्तावर इथे टंकतेय. ज्यांना कुत्र्यांमध्ये रस नाही त्यांनीही वाचा. हा लेख वाटतो तेवढा कुत्र्यांबद्दल नाहीये.

मुद्दा एका वाक्यात सांगते. कुत्र्याला हुकमावर गादीवर जायला शिकवणं ही फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने कुत्र्यासाठी करायच्या सर्वात चांगल्या गोष्टींपैकी एक आहे, आणि तीच गोष्ट मारून, घाबरवून शिकवली तर ती सर्वात वाईटांपैकी एक होते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कुत्रं गादीवर, घर शांत. गोची इथेच आहे.

आता हे मला कसं कळलं ते सांगते. यात माझी काही फुशारकी नाही, उलट लाज आहे.

खारी घरात आली तेव्हा साधारण सात महिन्यांची होती. बेल वाजली की घर डोक्यावर घ्यायची. पाहुण्यांच्या अंगावर उड्या, कुरियरवाल्यावर भुंकणं, खालच्या काकूंची तक्रार, मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या नावाने गुड मॉर्निंग. मी आणि नवरा दोघंही आयटीत. आठवड्यातले तीन दिवस हपिस, दोन दिवस घरून काम, आणि ते दोन दिवस म्हणजे कॉलवर म्यूट-अनम्यूट खेळायचा. शेवटी वैतागून एक ट्रेनर लावला. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण तसे ढिगाने आहेत. दहा दिवसांचं पॅकेज.

पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला सोफ्यावर बसवून लेक्चर दिलं. कुत्रा म्हणजे लांडगा. लांडग्यांच्या कळपात एक अल्फा असतो. घरात तुम्ही अल्फा झाला नाहीत तर कुत्रा होणार. मग गळ्यात चोक चेन. 'प्लेस' म्हणायचं आणि चेनला झटका. गादीवरून उठली की झटका. तरी उठली की वर्तमानपत्राची गुंडाळी कानाजवळ फरशीवर आपटायची. "मारायचं नाही मॅडम, नुसता आवाज," असं तो म्हणायचा. एकदोनदा गुंडाळी पाठीवरही बसली. मी बघितलं. मी काही बोलले नाही.

सहाव्या दिवशी खारी 'प्लेस' म्हटल्याबरोबर गादीवर जाऊन आडवी व्हायला लागली. आम्ही टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ काढला. फॅमिली ग्रुपवर टाकला. अंगठे आले, बदाम आले.

दोनेक आठवड्यांनी बाबा पुण्याला आले, डोळ्यांच्या तपासणीसाठी. बाबा सांगलीकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सकाळी चहा घेत पेपर वाचत होते. एक माशी फार त्रास देत होती म्हणून त्यांनी पेपर गुंडाळला आणि हात वर केला.

बस्स, एवढंच. खारी खोलीच्या त्या टोकाला होती. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. ती पोट जमिनीला घासत गादीकडे पळाली, अंगाचं मुटकुळं करून पडली, आणि गादीवरच लघवी झाली तिला. कान मागे चिकटलेले, ओठ चाटतेय, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. एकदम 'शिस्तीत'. गादीवरच.

बाबांनी पेपर हळूच खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिला मारलंय कुणीतरी."

मी ट्रेनरची गोष्ट सांगितली. प्रत्येक वाक्याला 'पण आता ऐकते हं' असं शेपूट जोडत होते.

बाबा म्हणाले, "अगं, असं एखादं पोर दरवर्षी माझ्या वर्गात असायचं. मी खडू उचलला तरी हात तोंडावर घ्यायचं. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, काय शिस्तीचं पोर आहे." थोडं थांबून म्हणाले, "आम्ही म्हणजे मीच."

त्या दिवशी ती चेन मी कचऱ्यात टाकली. गादीसुद्धा. पण नुसतं वाईट वाटून कुत्र्याचं काही भलं होत नाही. इंजिनिअर आहे, त्यामुळे नेमकं कुठे चुकलं हे कळल्याशिवाय पुढे जाता येईना. म्हणून वाचायला लागले. आणि जे वाचलं त्याने डोक्यात तिडीक गेली.

या 'अल्फा' प्रकरणाचं मूळ बघा. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने लांडग्यांच्या वागण्यावर एक निबंध लिहिला. लांडगे कुठले? स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले. माणसांनी एका आवारात एकत्र टाकलेले, पळून जायला जागा नसलेले. ते आपसात भांडणार नाहीत तर काय करतील? लोकलच्या डब्यातली चौथ्या सीटची भांडणं बघून कुणी 'मराठी कुटुंबव्यवस्था' असा ग्रंथ लिहावा तसलं हे. पुढे १९७० मध्ये डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाचं लांडग्यांवरचं पुस्तक आलं आणि ही 'अल्फा' कल्पना जगभर पोचली.

खरी गंमत पुढे आहे. याच मेकसाहेबांनी नंतर कॅनडाच्या अगदी उत्तरेच्या एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षं उन्हाळे काढून मोकळे लांडगे जवळून पाहिले. आणि १९९९ साली स्वतःच लिहिलं की बाबांनो, जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. कळप 'चालवणारे' जे असतात ते मारामारी जिंकून तिथे पोचलेले नसतात, त्यांना पोरं झालेली असतात इतकंच. आपलं ते जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले होते. शेवटी २०२२ मध्ये ते बंद झालं.

म्हणजे ज्याने ही कल्पना घरोघरी पोचवली त्यानेच ती मागे घेऊन पाव शतक उलटलं. आपल्या धंद्यात एखादी लायब्ररी तिच्या लेखकानेच 'वापरू नका' म्हणून जाहीर केली आणि तरी कुणी ती प्रॉडक्शनवर चढवली, तर आपण कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढू. आणि तोच आपण शनिवारी सकाळी ट्रेनरला हजारो रुपये मोजून तीच लायब्ररी जिवंत प्राण्यावर चढवतो.

आता तुम्ही म्हणाल, थिअरी चूक असेल, पण फटक्याने काम तर होतं ना?

हो, होतं. काम होतं हाच तर प्रॉब्लेम आहे. मारून काहीच झालं नसतं तर लोकांनी कधीच सोडून दिलं असतं. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ मध्ये मांजरांना कुलपाच्या पेट्यांत ठेवून जे दाखवलं ते एवढंच, की ज्या वागण्याचा शेवट गोड होतो ते वागणं पुन्हा घडतं. पुढे स्किनरने त्याचं अख्खं शास्त्र केलं. त्यात हेही आलं, की एखादा त्रास टळत असेल तर तो टाळणारं वागणंही तितकंच पक्कं होतं. चोक चेनने गादीवर जाणारं कुत्रं नेमकं हेच करतं. ते गादीवर 'जात' नाही, झटक्यापासून 'पळतं'. आपल्याला फक्त पळून पोचल्याची जागा दिसते.

आणि भीती कधी एकटी येत नाही. पावलॉव्हच्या कुत्र्यांना जेवणाच्या आधीच्या खुणेनेच लाळ सुटायची हे आपण शाळेत घोकलंय. तोच नियम दुखण्यालाही लागू. झटका बसला तेव्हा आजूबाजूला जे जे होतं ते सगळं त्याला चिकटतं. बेल. दारातला अनोळखी माणूस. गादी. वर्तमानपत्र. आजोबांच्या वयाच्या माणसाचा वर गेलेला हात. आपल्याला वाटतं आपण एक फंक्शन लिहिलं, प्रत्यक्षात आपण दहा ग्लोबल व्हेरिएबल्स खराब करून ठेवलेले असतात. टेस्ट केस पास झाली म्हणून पार्टी चालू, आणि बग सहा महिन्यांनी कुणाच्या तरी लहान मुलाच्या हातावर फुटणार. गुरगुरणं दाबून टाकलेलं कुत्रं शांत झालेलं नसतं. त्याने फक्त सूचना देणं बंद केलेलं असतं.

अमेरिकेतल्या प्राणीवर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये यावर स्वच्छ भूमिका घेतली आहे. सगळ्या कुत्र्यांना बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं, वागण्याच्या तक्रारी असलेल्या कुत्र्यांनाही. त्यामुळे 'तुमची ती गरीब गावठी, आमच्या शेफर्डला हे चालत नाही' हाही मुद्दा बाद.

मग आम्ही काय केलं? सगळं पुसून पुन्हा लिहिलं. नीट सांगते, कारण नुसत्या शिव्या घालून थांबणाऱ्या लेखांचा मलाही कंटाळा आहे.

आधी नवी गादी, नवा कोपरा, नवा शब्द. 'प्लेस' हा शब्द घरात बंद. कोपरा असा निवडला की तिथून दार दिसतं, पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात ती येत नाही. गादी बाल्कनीत नाही, बाथरूमसमोर नाही. कुत्र्याला घरातल्या घडामोडींपासून हाकलायचं नसतं, त्यांच्यात बसायला जागा द्यायची असते.

मग दोन दिवस काहीच हुकूम नाही. खिशात उकडलेल्या चिकनचे नाहीतर पनीरचे नखाएवढे तुकडे. तिने गादीकडे नुसतं बघितलं तरी एक तुकडा गादीवर टाकायचा. पाऊल ठेवलं, तुकडा. चारी पाय आले, तुकडा. बसली, तुकडा पुढच्या दोन पंजांच्या मध्ये. हे महत्त्वाचं आहे. खाऊ हातातून द्यायचा नाही, गादीवर ठेवायचा. भाव गादीचा वाढला पाहिजे, तुमच्या हाताचा नाही. आणि हे सगळं रोजच्या जेवणातून वजा करायचं, नाहीतर कुत्र्याची वीट होते.

ती स्वतःहून गादीकडे जायला लागली तेव्हा शब्द जोडला, 'गादी'. जायला निघाली की म्हणायचं. आधी शब्द, मग ओढाताण असं नाही. आणि उठायचाही शब्द शिकवला, 'चल'. हा शब्द बहुतेक लोक शिकवतच नाहीत. मग कुत्र्याला कसं कळणार आपली ड्युटी संपली की नाही? तुम्हाला मॅनेजरने कॉलवर थांबायला सांगितलं आणि कॉल सोडायची परवानगी कधी दिलीच नाही, तर तुम्ही काय कराल? गुपचूप सटकाल. तेच ती करते, आणि आपण म्हणतो ऐकत नाही.

पुढचं सगळं तीन गोष्टींत बसतं. किती वेळ, किती लांबून, आणि आजूबाजूला किती गडबड. एका वेळी एकच वाढवायची, आणि एक वाढवली की बाकीच्या दोन कमी करायच्या. दहापैकी आठ वेळा जमलं तरच पुढची पायरी. दोनदा ओळीने चुकली तर चूक माझी, एक पायरी मागे. वेळही सरळ रेषेत वाढवायचा नाही. पाच सेकंद, मग दोन, मग आठ, मग तीन. सतत अवघडच होत गेलं तर कुणालाही वैताग येतो. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. चहा उकळेपर्यंत एक सेशन होतं.

बेल सर्वात शेवटी. आमच्या बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि अगदी बारीक वाजवला. बेल, 'गादी', पनीर. आवाज रोज थोडा मोठा. मग नवऱ्याला खरोखर दाराबाहेर उभा केला (शेजाऱ्यांना वाटलं भांडण झालं). सहाव्या-सातव्या आठवड्यात एके दिवशी बेल वाजली आणि मी काही म्हणायच्या आत ती गादीवर! आता आमच्या घरी बेल हाच हुकूम आहे. काल पाहुण्यांनी बघितलं ते हे. शेपटी का वाजत होती ते आता कळलं असेल.

आणि दोन नियम माणसांसाठी. एक, रागाच्या भरात 'गादी' म्हणायचं नाही. चप्पल चावली म्हणून गादीवर पाठवलं की महिन्याभराची मेहनत पाण्यात. दोन, ती गादीवर असेल तर तिला कुणीही हात लावायचा नाही. लाडाने नाही, नखं कापायला नाही, आणि पाहुण्यांच्या बाळाने तर अजिबात नाही. घरात प्रत्येकाला एक अशी जागा लागते जिथे कुणी येऊन त्रास देणार नाही. ती जागा शिक्षेची केलीत तर कुत्र्याने जायचं कुठे?

आता ठरलेले आक्षेप.

"ही तर लाच झाली." अहो, लाच काम व्हायच्या आधी दाखवतात. काम झाल्यावर मिळतो तो पगार. तुम्ही महिनाअखेरीला जो एसेमेस बघून खूश होता तो काय असतो? पगार थांबवून मॅनेजरने पेपरची गुंडाळी हातात घेतली तर किती दिवस नोकरी कराल? कुत्र्याला राजीनाम्याची सोय नाही, एवढाच फरक.

"मग आयुष्यभर खिशात पनीर घेऊन हिंडायचं का?" नाही. सवय पक्की झाली की बक्षीस कधी द्यायचं, कधी नाही. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या आपल्या जाडजूड ग्रंथात हाच हिशेब मांडलाय. अधूनमधून, अंदाज न येईल असं बक्षीस मिळत राहिलं तर वागणं उलट जास्त चिवट होतं. विश्वास बसत नसेल तर दर पाच मिनिटांनी फोन का उचलता ते स्वतःला विचारा.

"आमच्या आजोबांचा मोत्या शिळी भाकरी खाऊन राहायचा, त्याला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं." बरोबर. मोत्याला अंगण होतं. तो थंडीत चुलीच्या राखेत झोपायचा, उन्हात गाडीखाली, पावसात पडवीत. आपली जागा त्याची तो निवडायचा. 'दोन बाय तीनच्या चौकोनात दोन तास गप्प पड, साहेबांचा कॉल आहे' असं मोत्याला कुणी सांगितलं नव्हतं. ही मागणी आपली आहे, आपल्या सातव्या मजल्याची आहे. मागणी नवी असेल तर शिकवायची मेहनतही आपलीच.

"कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच." शेपूट सरळ करायला सांगतंय कोण? ते हलतंय का एवढं बघा.

"वेळ नाही." हा खरा आक्षेप आहे, बाकीचे तोंडी लावायला. आणि इथे मी स्वतःच्याही पेकाटात लाथ घालते. आम्ही ट्रेनर लावला तो खारीसाठी नव्हे. आम्हाला कुत्र्याला ऑफ करायचं बटण हवं होतं. बारा-बारा तास काम करून घरी आल्यावर जे कुत्रं वेळ मागत नाही, भुंकत नाही, दिसत नाही असं कुत्रं. ते फटक्याने लवकर मिळतं. गोड बोलूनही मिळेल कदाचित. पण दिवसभर फिरवलं नाही, हुंगू दिलं नाही, आणि मग चार-चार तास 'गादी', तर ती बिनसाखळीची साखळीच झाली. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं. सतत साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा कलम ११ प्रमाणे मालकाचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज पुण्यात धड मिसळ येत नाही.

तेव्हा ट्रेनर लावणार असाल तर जरूर लावा, चांगलेही आहेत. फक्त पैसे द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही नेमकं काय करणार? आणि चुकलं तर नेमकं काय करणार? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात 'थोडंसं', 'नुसता आवाज', 'दुखत नाही हो मॅडम' असं काही आलं तर नमस्कार करून दार दाखवा. 'अल्फा' शब्द आला तर चहासुद्धा विचारू नका.

सुरुवातीला म्हटलं होतं, हा लेख वाटतो तेवढा कुत्र्यांबद्दल नाही. ज्या मुलांना वर्गात मारू नये असा कायदा व्हायला आपल्याला २००९ साल उजाडावं लागलं, त्या वर्गांत वाढलेली आपली पिढी आहे. 'आम्हाला मारलं म्हणून आम्ही घडलो' हे वाक्य आपण अभिमानाने सांगतो. काल वर्तमानपत्राच्या गुंडाळीवर जे सगळे हसले ते वाईट लोक नाहीत, माझे मित्र आहेत. त्यांना गप्प बसलेलं कुत्रं बघून शिस्त दिसते, कारण गप्प बसलेली पोरं बघून आपल्याबद्दल कुणाला तरी तेच वाटायचं. मला ट्रेनरच्या हातातली गुंडाळी दिसली होती आणि मी काही बोलले नव्हते, त्याचंही कारण बहुधा तेच.

बाबा मागच्या दिवाळीला परत आले होते. पहिल्या दिवशी खारी त्यांच्या खोलीत गेलीच नाही. दाराशी उभी राहून नाकाने हवा घेऊन परत. बाबांनी तिला एकदाही हाक मारली नाही. पेपर वाचायला ते डायनिंग टेबलाशी बसायचे, टेबलावर तो सपाट पसरून, दोन्ही हात त्याच्यावर. घडी घालायची झाली तर आधी तिच्याकडे बघायचे. तिसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. फराळाचं ताट घेऊन खालच्या काकू आल्या होत्या (हो, त्याच). खारी बाबांच्या खुर्चीला घासून गेली, गादीवर बसली आणि बाबांकडे बघायला लागली.

बाबा क्षणभर बावरले. मग म्हणाले, "अगं, तिला काहीतरी द्यायचं असतं ना? कुठे ठेवलंयस ते पनीर?"

असो. फारच लांबलं. हपिसातल्या त्या मित्राने हे वाचलं तर सोमवारी माझं काही खरं नाही. :-) वाचलंस तर घरी ये रे. बेल मात्र वाजवूनच ये.